आठ अक्षरांचं नाव

माझगावात रात्री सव्वाअकराला
मी डॉससाठी लिहिलेला भाग काढायला बसलो.
चार हजार तीनशे बारा ओळी.
बैठकीत कुणी हात वर केला नव्हता,
विरोधात नाही, बाजूनेही नाही.
सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं, ठराव झाला.

आमचा एडिटर तसा लहानच.
मजकूर उघडतो, बदलतो, ठेवतो.
पण पोटात एक जुनं बिऱ्हाड होतं:
दर दहा-वीस ओळींनी एक फाटा,
डॉस असेल तर इकडून या,
आणि त्या दारानं कित्येक वर्षांत
कुणी आलं नव्हतं.

पहिली गेली ती मेमरीची काटकसर.
सहाशे चाळीस केबीत संसार कसा करायचा
याचे तिने मांडलेले हिशोब:
मजकूर वाढला की अर्धा डिस्कवर टाक,
लागेल तेव्हा आण,
दहा बाय दहाच्या खोलीत
गाद्या दिवसा कॉटखाली जातात तसं.
खूण केली, खोडलं.
बोट अडलं नाही.

तिने म्हणजे चारुशीला पाठारे.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
फाईलच्या नावाला आठच अक्षरं मिळायची, तीही इंग्रजी,
त्यात ती चारुशी एवढीच मावली.
ला बाहेर राहिला.
टिपा मात्र ऐसपैस:
"हे का चालतं कळत नाही. चालतंय, हात लावू नये."
"इथे शून्य नको, एकच हवा. रविवार गेला यात."
"लाईट गेली. उरलेलं उद्या."
उद्याचं त्या फाईलीत काही नव्हतं.

आधी विचारायचं असतं, म्हणून विचारलं होतं.
आमच्या माहितीत वापरणारा एकच उरलेला,
दारूखान्यात, भंगार जहाजांच्या वजनकाट्यावर,
इब्राहिम मुकादम.
शनिवारी गेलो.
बाहेर एक जहाज मधोमध कापलेलं,
आतल्या केबिनचा पिवळा रंग उन्हात उघडा,
भिंतीला कुणाचातरी दाढीचा आरसा अजून.
कचेरीत पुठ्ठ्यावर मॉनिटर, कीबोर्डवर प्लास्टिक,
पडद्यावर तांबं, पितळ, नांगराची साखळी, किलोत.
तारीख तो रोज हाताने घालतो,
यंत्राचा सेल केव्हाच मेलाय.

मी हळू आवाजात सांगितलं, दवाखान्यात सांगतात तसं,
की पुढच्या आवृत्तीपासून आम्ही डॉस सोडतोय.
त्याने एका ट्रकची पावती फाडून दिली, मग विचारलं,
"मागली आवृत्ती मी कधी घेतली होती?"
मला ठाऊक होतं. शहाण्णव साली.
"मग सोडा की. आम्ही कुठे धरून ठेवलंय तुम्हाला?"
आणि वर मलाच धीर दिल्यासारखं
स्टूल पुढे सरकवलं.

म्हणजे इतकी वर्षं
आम्ही सांभाळत होतो ते त्याचं यंत्र नव्हतंच.
सांभाळतोय असं म्हणणं
सांभाळत होतो.

दीडला चाचण्या हिरव्या झाल्या.
एडिटर अकरा केबीनं हलका.
कुठे काही मोडलं नाही, याचंच जरा वाईट वाटलं.
तिच्या टिपांची फाईल तेवढी उघडी होती.
डॉसची रीत: ओळ संपली की दोन खुणा,
एक म्हणते मागे ये, दुसरी म्हणते खाली उतर.
आमच्या एडिटरला आता पहिली ओळखेना.
प्रत्येक ओळीच्या टोकाला त्याने
टोपी घातलेला एक एम आणून बसवला,
"लाईट गेली" च्या पुढे,
"उद्या" च्याही पुढे.

बदलाच्या नोंदीत लिहिलं: डॉसचा आधार काढला.
खाली रिकामी ओळ होती.
नाव कितीही लांब चालतं हल्ली.
तिथे लिहिलं, चारुशीलाला.
दोन्ही ला मावले.